भांडणाचा आलेख

पन्नाशी उलटल्यावर मी पुन्हा विद्यार्थी झालो, आणि तेही भांडणाचा अभ्यास करायला. भाचीला कळलं तेव्हा ती म्हणाली, "मामू, भांडण शिकायला अमेरिकेपर्यंत कशाला? आपली गल्ली काय कमी आहे?"

गेलो मी कुठेच नव्हतो. अमेरिकन काँग्रेसने १९८४ साली स्थापन केलेल्या 'युनायटेड स्टेट्स इन्स्टिट्यूट ऑफ पीस' या संस्थेचा तो इंटरनेटवरचा अभ्यासक्रम होता. विषय, संघर्षाचं विश्लेषण. मी आपला साधा बी.ए., इंग्रजी बेताचंच. रात्री जेवण झालं की शब्दकोश शेजारी ठेवून बसत असे.

त्यात एक उदाहरण कोसोव्होचं होतं. धडा वाचण्याआधीच मी वहीत लिहून टाकलं, 'सर्ब ख्रिस्ती, अल्बेनियन मुसलमान. धर्माचं भांडण.'

मग वाचू लागलो. कोसोव्हो हा पूर्वीच्या युगोस्लाव्हियात सर्बियाच्या दक्षिणेचा प्रांत. वस्ती बहुतांशी अल्बेनियन बोलणाऱ्यांची. त्यांत मुसलमान जास्त हे खरं, पण कॅथलिकही आहेत. आपल्या मदर तेरेसा अल्बेनियनच होत्या. सर्बांसाठी मात्र ही त्यांच्या जुन्या मठांची आणि १३८९ च्या लढाईची भूमी. १९७४ च्या राज्यघटनेने प्रांताला मोठी स्वायत्तता दिली. १९८९ मध्ये मिलोशेविच यांच्या राजवटीने ती काढून घेतली. त्यानंतर हजारो अल्बेनियन नोकऱ्यांना मुकले. शाळांमधून त्यांचा अभ्यासक्रम गेला, तेव्हा लोकांनी घराघरांत वर्ग भरवले. म्हणजे भांडण होतं जमिनीचं, भाषेचं, नोकरीचं आणि सत्तेचं. धर्म त्यात होता, पण कोण कुणाचा हे ओळखण्याच्या खुणेपुरता अधिक.

वहीतली ओळ पुन्हा वाचली आणि लाज वाटली. 'तुमचं मराठी छान आहे हो,' असं कौतुक ऐकत माझं अर्धं आयुष्य गेलं. कवितेआधी नाव वाचणाऱ्यांवर मी मनातून चिडत आलो. आणि दूरच्या वीसेक लाख माणसांना मी नेमकं त्याच चष्म्यातून पाहिलं होतं.

या शास्त्रातली एक गोष्ट मला फार उपयोगी वाटली. माणूस तोंडाने मागतो ती त्याची भूमिका. ते का मागतो, ते त्याचं हित. आमच्या नळावरचंच पाहा. दोघी म्हणतात, 'माझा हंडा आधी.' एकीच्या नवऱ्याची पाळी सातला सुरू होते, तिला वेळ हवा आहे. दुसरीला काल सगळ्यांदेखत मागे सारलं होतं. तिला पाणी नको आहे, मान हवा आहे. हंडे मोजून हे भांडण मिटायचं नाही.

दुसरी गोष्ट, मायकेल लंड या अभ्यासकाने मांडलेला आलेख. तो डोंगरासारखा दिसतो. पायथ्याशी टिकाऊ शांतता, मग स्थिर शांतता, मग अस्थिर शांतता, त्यावर पेचप्रसंग आणि शिखरावर युद्ध. मला हा आलेख जरा जास्तच गुळगुळीत वाटला; माणसं इतक्या शिस्तीत चिडत नाहीत. पण 'अस्थिर शांतता' या शब्दांपाशी मी थांबलो. या टप्प्यावर मनं फाटलेली असतात, पण बंदुका अजून बाहेर आलेल्या नसतात. समजुतीचे बोल तिथेच सर्वांत स्वस्त पडतात आणि नेमकं तेव्हाच कुणाचं तिकडे लक्ष नसतं.

कोसोव्होत हा काळ बराच लांबला. अल्बेनियनांचे नेते इब्राहिम रुगोव्हा हे साहित्याचे अभ्यासक, तिथल्या लेखक संघटनेचे अध्यक्ष. त्यांनी अहिंसेचा मार्ग धरला. १९९० मध्ये आंतोन चेत्ता नावाचे लोकसाहित्याचे प्राध्यापक विद्यार्थ्यांना घेऊन गावोगाव फिरले आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली खुनाच्या बदल्याची शेकडो वैरं त्यांनी मिटवली. ज्याचा भाऊ मारला गेला होता, तो लोकांसमोर उभा राहून 'माफ केलं' म्हणत असे. हा भाग मी तीनदा वाचला. मात्र ही समजूत अल्बेनियनांची आपसांतली. बेलग्रेडशी बोलणी करायला असा कुणी मध्यस्थ मिळाला नाही.

१९९५ मध्ये डेटन कराराने बोस्नियाचं युद्ध थांबलं. त्या करारातून कोसोव्होचा प्रश्न बाहेरच राहिला. बोस्नियात लढले त्यांच्याशी बोलणी झाली, आपण गप्प राहिलो म्हणून राहून गेलो, असा अर्थ तिथल्या तरुणांनी काढला. १९९७ मध्ये शेजारच्या अल्बेनियात अराजक माजलं, शस्त्रागारं लुटली गेली आणि बंदुका सरहद्द ओलांडून आल्या. १९९८ मध्ये उघड युद्ध पेटलं. २४ मार्च १९९९ पासून नाटोने ७८ दिवस बॉम्बफेक केली. तोवर लाखो माणसं घरदार सोडून वाट फुटेल तिकडे निघाली होती.

अभ्यासक्रमातलं दुसरं उदाहरण रवांडाचं होतं. त्या वेळी मात्र धडा वाचून होईपर्यंत मी वहीचं पान कोरंच ठेवलं.