नकाशावरच्या रेषा: भिवंडीसाठी काय निवडाल?

भारतीय हवामान विभागाची १९०१ पासूनची पावसाची आकडेवारी पाव अंशाच्या चौकोनांत मिळते. एक चौकोन साधारण २८ किलोमीटरचा. तिचा रंगीत नकाशा काढला, तर भिवंडी त्यात नेमकी कुठे, हे वाचकाला कळते ते रंगांवरच्या किनारा, नदी आणि सीमारेषांमुळे.

● तपशील: पायथनमधील नकाशे काढणारी लायब्ररी कार्टोपाय ‘नॅचरल अर्थ’ या मोफत नकाशा-संचाच्या रेषा तीन प्रमाणांत देते: १:११ कोटी, १:५ कोटी आणि १:१ कोटी. पहिल्या प्रमाणात १ सेंटिमीटर म्हणजे ११०० किलोमीटर. जगाच्या नकाशाला ते पुरेसे, ठाणे जिल्ह्याला निरुपयोगी.

● खाडी हवी असेल तर: १९८८ पासूनच्या जीएमटी (जेनेरिक मॅपिंग टूल्स) या नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये किनाऱ्याच्या पाच पातळ्या आहेत. ‘लो’मध्ये ५ किलोमीटरपर्यंतची वळणे सरळ होतात, ‘हाय’मध्ये फक्त २०० मीटरपर्यंतची. वसईच्या खाडीसाठी ‘हाय’ किंवा ‘फुल’ घ्यावे.

● भिवंडीची कामवारी नदी: जागतिक संचात छोट्या नद्या सहसा नसतात. तिची शेपफाइल (नकाशावरच्या आकारांची फाइल) वेगळी जोडावी.

● रंग-जाडी: किनारा गडद राखाडी, जिल्हासीमा त्याहून बारीक, अक्षांश-रेखांश तुटक. रेषा रंगांच्या वरच्या थरात ठेवाव्यात, नाहीतर त्या झाकल्या जातात.

● देशाची सीमा: ‘नॅचरल अर्थ’ मूळ संचात प्रत्यक्ष ताब्यानुसार सीमा दाखवते. भारतात छापताना भारतीय सर्वेक्षण विभागाचीच सीमा वापरावी. तिच्याशी विसंगत नकाशा प्रसिद्ध करणे १९६१च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमानुसार गुन्हा आहे.