गाण्यामागचे वाजवणारे

एखादे जुने गाणे रेडिओवर लागले की निवेदक चार नावे सांगतो. चित्रपटाचे, गाणाऱ्याचे, गीत लिहिणाऱ्याचे आणि संगीत देणाऱ्याचे. ही चार नावे ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. सावंतवाडीतल्या आमच्या घरी माजघरातल्या फडताळावर रेडिओ असे, आणि गाण्याचे पहिले दोन सूर वाजताच गाणे ओळखायचे अशी आम्हां भावंडांत पैज लागे. त्या पैजा मी पुष्कळ जिंकल्या. पण गंमत पाहा, ज्या दोन सुरांवरून मी गाणे ओळखत होतो, ते सूर वाजवले कुणी, हा प्रश्न मला चाळिशी उलटेपर्यंत पडला नाही. गाणारा तर तेव्हा अजून गायला लागलेला नसे. निवेदकाने सांगितलेल्या चार नावांत त्या सुरांचा धनी कुठेच नव्हता.

हा प्रश्न पडला तो एका अनुबोधपटामुळे. अनुबोधपट म्हणजे रचलेली गोष्ट न दाखवता खरी माणसे आणि खऱ्या घटना दाखवणारा चित्रपट. रुद्रदीप भट्टाचार्जी यांनी २०१२ साली ‘द ह्यूमन फॅक्टर’ नावाचा असा एक पट केला. एका मित्राने तो मला दाखवला, तेव्हा मी खरे म्हणजे घड्याळाकडे पाहत बसलो होतो. विषय मुंबईच्या एका पारशी घराण्याचा. वडील कावस लॉर्ड आणि त्यांचे दोन मुलगे, केर्सी आणि बर्जोर. तिघेही हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे. क्यूबा बेटाकडची बोंगो, कोंगा ही तालवाद्ये आपल्या गाण्यांत रुजवण्यात कावस लॉर्ड यांचा मोठा वाटा. ‘आराधना’ (१९६९) चित्रपटातले पावसाळी रात्रीचे ते गाजलेले गाणे तुमच्या कानांत असेलच. त्यातला अकॉर्डियन केर्सींचा. ते कळले आणि मी उठून बसलो. ते गाणे मी शेकडो वेळा ऐकले होते आणि त्या वाद्यावाचून ते मला आठवताही येत नव्हते. माणसाचे नाव मात्र त्या दिवशी प्रथम ऐकले.

मग मी शोध घेऊ लागलो, आणि शोध घेता घेता थेट आपल्या शेजारी येऊन पोचलो. बांदा ओलांडले की पत्रादेवी, आणि पत्रादेवीपलीकडे गोवा. हिंदी चित्रपटसंगीताच्या भरभराटीच्या काळात मुंबईच्या वाद्यवृंदांत जे वाजवणारे होते, त्यांत गोव्याच्या ख्रिस्ती वादकांचा भरणा फार मोठा होता. हे कसे घडले?

गोव्यात पोर्तुगीज अमलात चर्चला जोडून शाळा असत. तिथे मुलांना प्रार्थनेसाठी गाणे शिकवीत, व्हायोलिन शिकवीत, आणि मुख्य म्हणजे कागदावर लिहिलेले संगीत वाचायला शिकवीत. शेतकऱ्याचा मुलगाही अक्षरओळखीबरोबर सुरांची ओळख करून घेई. पण गावात त्या विद्येवर पोट भरत नसे. म्हणून ही मुले ब्रिटिश हिंदुस्थानात गेली. कुणी पोलिसांच्या बँडात, कुणी संस्थानिकांच्या पदरी, कुणी बोटीवर, कुणी मोठ्या हॉटेलांत. मुंबईत धोबी तलावाच्या आसपास गावोगावच्या ‘कुडी’ होत्या, म्हणजे एकेका गावच्या लोकांनी मिळून चालवलेली राहण्याची जागा. आपल्या चाकरमान्यांच्या गिरगाव-लालबागच्या गावकरी खोल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना कूड म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. पेटी भिंतीला, वळकटी पेटीवर, आणि सणाला गावी जायची ओढ. फरक इतकाच, की त्यांच्या पेटीशेजारी व्हायोलिनची पेटी असे. १९३१ साली आपल्याकडे चित्रपट बोलू लागला, गाऊ लागला, आणि लिहिलेले संगीत पाहताक्षणी वाजवणाऱ्या माणसांची गरज पडली. ती माणसे कुडीत तयार होती.

आता तुम्ही म्हणाल, चाल तर संगीतकाराने केली, वाजवणाऱ्याने सांगितले तेवढे वाजवले, त्यात विशेष काय? इथे जरा थांबून काम कसे चाले ते पाहू.

आपल्या भजनाचे उदाहरण घ्या. बुवा ओळ म्हणतात, मागची मंडळी तीच ओळ उचलतात, पेटीही त्याच ओळीवरून चालते. वाट एक, चालणारे अनेक. आपल्या संगीताची ही रीत आहे आणि ती मोठी सुंदर रीत आहे. पाश्चात्त्य संगीताची रीत निराळी. तिथे एकाच वेळी दोन-तीन वाटा चालू असतात. गाणारा एका वाटेने जातो, व्हायोलिने त्याच वेळी दुसऱ्या वाटेने जातात, चेलो खालच्या पट्टीत तिसरीच वाट धरतो, आणि तरीही सगळे एकमेकांना शोभून दिसतात. नदीच्या काठाने पायवाट जावी, तशी. कधी जवळ येते, कधी लांब जाते, पण नदीला सोडत नाही.

संगीतकार पेटीवर चाल बसवी. मग ती वाद्यवृंद-संयोजकाकडे जाई. हा संयोजक, म्हणजे अरेंजर, पाच आडव्या रेघांच्या कागदावर प्रत्येक वाद्याचा भाग वेगळा लिहून काढी. ठिपका रेघेवर की दोन रेघांमध्ये, यावरून सूर कळतो, आणि ठिपक्याला शेपटी कशी आहे यावरून तो किती वेळ धरायचा ते कळते. भातखंडे-पलुस्करांनी आपल्याकडे स्वरलेखनाच्या पद्धती घातल्या, त्यांचे उपकार थोर आहेत. पण त्या मुख्यतः एक चाल टिपण्यासाठी. चाळीस माणसांनी चाळीस जागी एकाच क्षणी काय करायचे हे सांगायला पाच रेघांचा कागद सोयीचा. गाणारा आणि सगळा वाद्यवृंद मिळून एका दमात ध्वनिमुद्रण होई. एकाचे बोट चुकले की सगळ्यांनी पहिल्यापासून सुरुवात करायची. विचार करा, चाळीस माणसांपैकी चाळिसावा असणे ही काय जबाबदारी असेल!

संगीतकाराचे श्रेय काढून घ्यावे असे मला मुळीच म्हणायचे नाही. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची प्रतिभा त्यांचीच होती. पण ‘अलबेला’ (१९५१) मधल्या त्या नाचऱ्या गाण्यांना जो झगमगाट आहे, त्यात त्यांचे साहाय्यक अँतोनियो वाझ यांचा हात आहे. बार्देशातल्या हळदोण्याचा हा ट्रम्पेटवाला मुंबईत ‘चिक चॉकलेट’ या नावाने प्रसिद्ध होता. त्या चित्रपटात तो आपल्या बँडासह पडद्यावरही दिसतो. म्हणजे भगवानदादा नाचतात तिकडे आपण पाहतो, आणि मागे तो उभा असतो तिकडे पाहत नाही. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांत गायनाच्या बगलेतून व्हायोलिनांची जी दुसरी चाल जाते, ती कागदावर उतरवणारे सेबॅस्टियन डिसोझा. वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी हे काम केले.

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त चटका लावून गेले ते माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. हे नाव ऐकून तुम्ही हसला असाल. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये मोठ्या अंड्यातून बाहेर पडून नायक ज्या नावाने गातो, तेच हे नाव. मलाही वाटत होते की ते कुणीतरी गमतीने जुळवलेले असेल. पण असा माणूस खरोखर होता. १९२७ साली दक्षिण गोव्यातल्या माजोर्डा गावी त्यांचा जन्म झाला. वडील चर्चमध्ये संगीत बसवीत, त्यांनीच मुलाच्या हाती लहानपणी व्हायोलिन दिले. १९४३ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते मुंबईत नौशाद यांच्या वाद्यवृंदात वाजवू लागले. पुढे संयोजक झाले, शिक्षक झाले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, राहुलदेव बर्मनही शिकले. १९७७ च्या त्या गाण्यात नायकाचे आडनाव आधी फर्नांडिस योजले होते. प्यारेलालनी आपल्या गुरूचे नाव सुचवले. शिष्याने दिलेली ती गुरुदक्षिणा होती. देशभर ते नाव लोकांच्या तोंडी झाले, आणि ते कुणाचे आहे हे कुणी विचारले नाही!

गोन्साल्विसांच्या मनात मात्र निराळेच काही होते. आपले राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालायचा त्यांना ध्यास होता. रागांवर आधारलेल्या मोठ्या रचना त्यांनी लिहिल्या. १९५८ साली त्यांनी शंभराहून अधिक वादकांचा वाद्यवृंद जमवला आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात कार्यक्रम केला. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. पण असा वाद्यवृंद पदरमोड करून किती दिवस चालणार? १९६५ साली ते अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले, नंतर परत आले, आणि माजोर्ड्याला आपल्या घरी शांतपणे राहिले. २०१२ च्या जानेवारीत ते वारले. चित्रपट-समीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्यावर एक अनुबोधपट केला, ही मराठी माणसाने केलेली चांगली गोष्ट मला मुद्दाम नोंदवावीशी वाटते. सावंतवाडी रोड स्थानकावर कोकण रेल्वेत बसले तर माजोर्डा मडगावच्या अलीकडे लागते. त्या मार्गाने मी किती वेळा गेलो असेन! ते हयात असताना गेलो आहे. खिडकीतून माड पाहिले आणि पुढे गेलो.

नावाचा विषय निघाला म्हणून एक जुनी हकिकत सांगतो. १९४९ साली ‘महल’ चित्रपट आला. त्यातल्या प्रसिद्ध गाण्याच्या तबकडीवर गायिकेचे नाव छापले होते ‘कामिनी’. ते पडद्यावरच्या पात्राचे नाव. गाणे रेडिओवर लागू लागले तशी श्रोत्यांची पत्रे येऊ लागली, की हा आवाज कुणाचा? शेवटी तबकडी काढणाऱ्या कंपनीकडून खरे नाव कळले, आणि ते होते लता मंगेशकर. म्हणजे गाणाऱ्यांची नावेसुद्धा एके काळी आपोआप मिळत नव्हती, श्रोत्यांनी विचारली म्हणून मिळाली. व्हायोलिनवाल्यासाठी तसे पत्र कुणी टाकले नाही. मीही नाही.

पुढे यंत्रे आली. एका माणसाने बोटे फिरवली की पन्नास व्हायोलिनांसारखा आवाज निघू लागला, आणि १९९० नंतर पन्नास माणसांना बोलावणे हळूहळू बंद झाले. यात एक गंमत, गंमत कसली, दैवाची थट्टाच आहे. ते विजेवर वाजणारे यंत्र चित्रपटसंगीतात प्रथम आणणाऱ्यांत केर्सी लॉर्ड हेच होते. नव्या वाद्याची त्यांना हौस होती. त्यांनी ते वाद्य म्हणून आणले, निर्मात्यांनी ते काटकसर म्हणून वापरले. केर्सी २०१६ साली गेले.

आता गावाकडची गोष्ट. लॉर्ड घराण्याचा तो पट मी आमच्या विद्यार्थ्यांना दाखवला. दिवे लागल्यावर एक मुलगा म्हणाला, ‘सर, आमच्या वाडीत एक आजोबा आहेत, लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे.’ आम्ही गेलो. वय ऐंशीच्या पुढे, दात नाहीत, म्हणून वाद्य फुंकता येत नाही. तरुणपणी म्हापशाला एका गोवेकर मास्तरांकडे शिकले होते. मी विचारले, ‘आजोबा, तुमचं नाव कुठे छापून आलंय का कधी?’ ते हसले. ‘आमचा नाव कोण लिवता? मोठ्या ढोलार मालकाचा नाव रंगवलेला असता. तितक्यार भागता.’

मग त्यांनी आतून तीन वह्या आणवल्या. पाच रेघा आखून शाईने लिहिलेले संगीत. दोन वह्या वाळवीने खाऊन त्यांची चाळण झाली होती, तिसरी बरी होती. मला त्यातले अक्षर लागेना. त्यांनी पानावर बोट ठेवले आणि मला म्हणाले, ‘तू गाणा म्हण.’ गाणे सांगितले ते मला पाठ होते. मी म्हणू लागलो, आणि ते बिनदाताच्या तोंडाने त्याच वेळी दुसरेच काही गुणगुणू लागले. ती माझी चाल नव्हती. पण माझी चाल कुठे श्वास घेते ते तिला ठाऊक होते, आणि बरोबर त्या जागी ती भरून येत होती. नदी आणि पायवाट असे मी वर लिहिले, ते तिथे सुचलेले आहे. पोरे गप्प उभी होती.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक काम सुचवतो. दशावताराच्या हस्तपत्रकावर आताशा पेटी, पखवाज, झांज यांवरच्या मंडळींची नावे छापतात, ती मुलांना कापून वहीत चिकटवायला सांगा. आणि गावात जुना बँडवाला, सनईवाला, ढोलवाला कोण होता हे घरच्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून आणायला सांगा. वर्गात एखादे जुने गाणे ऐकवा आणि गाणाऱ्याकडे कान न देता मागे काय चालले आहे ते ओळखायला सांगा. पहिल्या वेळी काही कळणार नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी एखादे पोर हात वर करील.

आजोबांच्या तिसऱ्या वहीत चौदा पाने वाचण्याजोगी आहेत. पाच रेघा वाचणारे एक शिक्षक आम्हांला पणजीत मिळाले. ते येतात, आजोबा गुणगुणून दाखवतात, मुले नवीन कागदावर उतरवून घेतात. नऊ पाने झाली. दहाव्या पानावर कडेला शाई पसरली आहे, आणि तिथे काय होते ते आजोबांना दोन दिवस आठवत नाही. येत्या शनिवारी पुन्हा जायचे आहे.