त्रिविध शिष्यबुद्धी आणि आजचा बी.ए.एम.एस. वर्ग

बी.ए.एम.एस.च्या प्रथम वर्षाच्या वर्गात आज किती परींचे विद्यार्थी बसतात, याचा विचार अध्यापनाची आखणी करताना क्वचितच होतो. 'नीट'ची तयारी इंग्रजीतून केलेला आणि संस्कृत केवळ शालान्त परीक्षेतील गुणांसाठी शिकलेला शहरी विद्यार्थी; मराठी माध्यमातून आलेली, देवभाषेशी परिचय नसलेली, परंतु निर्गुडी, अडुळसा, गुळवेल बांधावरच ओळखणारी ग्रामीण विद्यार्थिनी; परप्रांतातून आलेला आणि मराठी रुग्णाची तक्रार न समजणारा तिसरा. या तिघांपुढे पदार्थविज्ञानाचे एकच व्याख्यान एकाच गतीने होते, आणि जो मागे पडतो तो 'मंद' ठरतो.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठवा अध्याय या ठिकाणी पुन्हा वाचण्यासारखा आहे. अध्ययनासाठी शास्त्र कसे निवडावे हे सांगताना ते त्रिविध शिष्यबुद्धींना हितकर, शीघ्र बोध करून देणारे, लक्षणे व उदाहरणे यांनी युक्त असावे, अशी अपेक्षा तेथे व्यक्त झाली आहे. येथे परीक्षा ग्रंथाची आहे, शिष्याची नव्हे! सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात पन्नास महाकषायांचे प्रयोजनही असेच दुहेरी सांगितले आहे: अल्पबुद्धीच्या व्यवहाराला ते पुरेसे व्हावेत आणि बुद्धिमंतांना त्यांच्या आधारे अनुक्त अर्थही कळावा. अमेरिकेत १९८४ मध्ये स्थापन झालेल्या 'कास्ट' या संस्थेने अध्ययनाच्या सर्वसमावेशक रचनेचा जो आराखडा मांडला, त्याचे सारही या विचाराला जवळचे आहे. विषय एकाहून अधिक मार्गांनी मांडावा, शिकलेले एकाहून अधिक रीतींनी दाखवू द्यावे, गोडी लागण्याच्या वाटाही अनेक असाव्यात. आणि हे सारे आरंभीच्या आखणीतच असावे, मागाहून लावलेले ठिगळ नसावे.

भैषज्यकल्पनेतील स्नेहपाकाचे उदाहरण औषधनिर्मात्यांना नित्य परिचयाचे आहे. स्नेह सिद्ध झाला हे कशावरून ओळखावे? कल्क बोटांनी चोळला असता त्याची वात वळते, ही स्पर्शाची परीक्षा. तो अग्नीवर टाकला असता तडतड होत नाही, कारण जलांश उरलेला नसतो, ही श्रवणाची. तेलात फेस येतो व तुपात फेस शमतो, ही दृष्टीची. उचित गंध, वर्ण व रस उत्पन्न होतात, येथे घ्राणेंद्रिय व जिव्हाही साक्षीस येतात. एकाच निष्कर्षाकडे नेणारी ही अनेक द्वारे शास्त्रकारांनी ठेवली आहेत. ज्या विद्यार्थ्याला रंगभेद नीट कळत नाही, त्याने वर्णावर विसंबून न राहता वात वळून व शब्द ऐकून मध्यम पाक ओळखावा. त्यात शास्त्राशी कोणतीच तडजोड नाही. प्रत्यक्षात मात्र पुष्कळ ठिकाणी या परीक्षा फळ्यावर लिहून पाठ करविल्या जातात आणि कढईभोवतीच्या घोळक्यातील पुढच्या चारच जणांचा हात कल्कापर्यंत पोहोचतो. प्रत्येकाने निदान मृदू, मध्यम आणि खर या तीनही अवस्थांतील कल्क स्वतः वळून पाहावा, एवढा एक बदलही थोडका नाही. द्रव्यगुणाच्या तासाला निघंटूतील नाव, लोकव्यवहारातील मराठी नाव आणि शास्त्रीय लॅटिन नाव ताज्या वनस्पतीसह एकत्र ठेवल्यास वर उल्लेखिलेली ग्रामीण विद्यार्थिनी त्या दिवशी वर्गाची शिक्षिका ठरेल.

आता थोडी अप्रिय बाब. ज्या अध्यायात त्रिविध बुद्धीचा उदार विचार आहे, त्याच अध्यायातील शिष्यलक्षणांत शिष्य अव्यंग असावा, त्याची इंद्रिये अविकृत असावीत, तो अनुनासिक बोलणारा नसावा, अशाही अटी आहेत. सुश्रुताच्या शिष्योपनयनीय अध्यायात वर्णाचे निर्बंध आहेत आणि त्यांना अपवाद सांगणारे मतही नोंदलेले आहे. या वचनांवर पांघरूण घालण्याचे कारण नाही; ती त्या काळच्या गुरुकुलाची प्रवेशमर्यादा होती. आज दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ नुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत लक्षणीय दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाणी व भाषेचे दिव्यांगत्व असलेल्या एका विद्यार्थ्याच्या एम.बी.बी.एस. प्रवेशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, दिव्यांगत्वाची टक्केवारी एवढ्यावरूनच कोणाला अपात्र ठरवता येणार नाही, तो अभ्यासक्रम पुरा करू शकतो का हे पाहावे, असा निर्णय दिला. न्यायालयापुढे आलेला प्रश्न आणि शिष्यलक्षणांतील वाणीविषयक अट यांतील साम्य सहज ध्यानी येईल.

यावर 'मग दर्जाचे काय?' ही शंका हमखास निघते. ती रास्तच आहे. वत्सनाभाचे शोधन, मात्रा, विरुद्ध उपक्रम यांत सवलत असूच शकत नाही. परंतु जे तपासावयाचे तेच तपासावे. तोंडी परीक्षेत अडखळत बोलणाऱ्या विद्यार्थ्याला दोन मिनिटे अधिक दिली, तर आपण त्याचे निदानकौशल्य तपासतो. न दिली तर त्याची जीभ. श्लोक कंठस्थ नसला तरी त्याचा अर्थ रुग्णावर योजून दाखविणाऱ्याला गुण मिळावयास हवेत. उलट, केवळ पाठांतर करणाऱ्याला सुश्रुताने चंदनाचा भार वाहणाऱ्या गर्दभाची उपमा दिली आहे, हे वाचकांना विदितच आहे.

वातप्रकृतीचा विद्यार्थी चटकन ग्रहण करतो व चटकन विसरतो, तेव्हा प्रकृतीनुसार वर्गाच्या तुकड्या पाडाव्यात, असा विचार काही उत्साही अध्यापक मांडतात. प्रस्तुत लेखकाला तो मान्य नाही. 'दृश्य शिकणारे', 'श्राव्य शिकणारे' अशा विभागणीला पुरेसा पुरावा नसल्याचे पाश्चात्त्य मानसशास्त्रज्ञांनीही २००८ च्या आढाव्यात नोंदविले आहे. प्रकृतीचे ज्ञान रुग्णासाठी राखून ठेवावे. वर्गात सर्वांनाच सर्व द्वारे उघडी असावीत.

२०२२ च्या नियमावलीने प्रथम वर्षारंभी किमान १५ कामकाजाच्या दिवसांचा परिचयक्रम घालून दिला आहे. तो पाहुण्यांच्या भाषणांत न खर्चता संस्कृत वाचन, मराठी रुग्णसंवाद आणि वनौषधी परिचय यांत ज्याला जे उणे त्याप्रमाणे वाटून द्यावा. चिकित्सक व औषधनिर्माते यांचा वाटाही यात आहेच, कारण शिकाऊ वैद्य आपल्याकडे येतात. कपाटातील बरण्यांवर मोठ्या अक्षरांत तिन्ही नावे लिहिणे, कृतीचा कागद सुबोध मराठीत भिंतीवर लावणे आणि पाक झाला हे आपण सांगण्यापूर्वी त्यांच्या हाती कल्क देणे, यासाठी कोणत्याही मंजुरीची प्रतीक्षा करावी लागत नाही.