औषधांना न जुमानणारे जिवाणू आणि वृद्धांचे निवास

अमेरिकेत ज्याला ‘नर्सिंग होम’ म्हणतात, ते आपल्याकडील छोटे खासगी रुग्णालय नव्हे. दैनंदिन व्यवहारांसाठी परिचारिकेच्या मदतीवर अवलंबून असलेले वृद्ध तेथे महिनोन्‌महिने, पुष्कळदा अखेरपर्यंत राहतात. अशी सुमारे १५ हजार केंद्रे त्या देशात आहेत. ही केंद्रे काही अंशी रुग्णालय असतात आणि काही अंशी घर. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंचा प्रश्न तेथे बिकट होतो, तो या दुहेरी स्वरूपामुळेच.

कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीत २०१७ ते २०१९ या काळात ३५ रुग्णालये व परिचर्या केंद्रांनी एकत्र येऊन एक प्रकल्प राबवला. प्रारंभीच्या पाहणीत नर्सिंग होममधील सुमारे ६४ टक्के वृद्धांच्या शरीरावर असा किमान एक जिवाणू आढळला. श्वसनयंत्रासारखे उपचार दीर्घकाळ देणाऱ्या रुग्णालयांत हे प्रमाण ८० टक्के होते.

असे का व्हावे? प्रतिजैविकाच्या प्रत्येक वापरात दाद देणारे जिवाणू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि मोकळ्या जागेत फोफावतात. प्रतिकाराची जनुके ते एकमेकांना देऊही शकतात. त्यात वृद्धांना शय्याव्रण, लघवीची नळी वा अन्न भरवण्याची नळी असते आणि नळीच्या पृष्ठभागावर जिवाणूंचे थर सहज जमतात. एकाच कर्मचाऱ्याचे हात दिवसभरात अनेकांना आंघोळ घालतात, कपडे बदलतात. रुग्णालयात जाऊन परत आलेला वृद्ध तेथील जिवाणूही सोबत आणतो.

येथे एक भेद ध्यानी घ्यायला हवा. शरीरावर जिवाणू असणे म्हणजे आजार नव्हे. अशा केंद्रांतील २५ ते ५० टक्के स्त्रियांच्या लघवीत कोणतेही लक्षण नसताना जिवाणू आढळतात. एखाद्या आजी अचानक गोंधळल्यासारख्या वागू लागल्या की लघवीची तपासणी होते, अहवालात जिवाणू दिसतात आणि प्रतिजैविक सुरू होते. गोंधळाचे कारण मात्र शरीरातील पाण्याची कमतरता किंवा एखादे नवे औषध असू शकते. अशा वेळी आजींना लाभ होत नाही. चिवट जिवाणूंचे मात्र फावते. अर्थात ताप, लघवीची जळजळ अशी लक्षणे असतील तर उपचारांत विलंब करून चालणार नाही.

मग जिवाणू वाहणाऱ्यांना वेगळे ठेवावे काय? रुग्णालयात चार दिवसांचा एकांत सोसता येतो. पण जेथे उरलेले आयुष्य काढायचे, तेथे तो शिक्षा ठरतो. म्हणून अमेरिकेत एप्रिल २०२४ पासून मधला मार्ग लागू झाला. शय्याव्रण वा नळी असलेल्यांना तसेच असे जिवाणू वाहणाऱ्यांना आंघोळ घालताना, कपडे बदलताना किंवा मलमपट्टी करताना कर्मचाऱ्याने हातमोजे व झगा घालायचा. पण त्या वृद्धाने सर्वांसमवेत जेवायला, गप्पा मारायला बसायला हरकत नाही.

ऑरेंज काउंटीचा उपायही असाच साधा होता. नर्सिंग होममध्ये सर्वांनाच क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाने आंघोळ आणि ठरावीक दिवशी नाकात आयोडीनयुक्त औषध. सर्वांनाच असल्याने कोणावर शिक्का बसला नाही. तेथील प्रमाण ६४ वरून सुमारे ५० टक्क्यांवर, तर दीर्घोपचार रुग्णालयांत ८० वरून ५३ टक्क्यांवर आले. कॅलिफोर्नियातीलच २८ नर्सिंग होममधील प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे संसर्गामुळे रुग्णालयात हलवावे लागण्याचे प्रमाणही घटले. यासाठी कोणतेही नवे प्रतिजैविक लागले नाही.

आपल्या शहरांतही वृद्धाश्रम व परिचर्या केंद्रांचा आधार घेणारी कुटुंबे वाढत आहेत. केंद्र निवडताना खोली व जेवणाबरोबर आणखी तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात. एका वृद्धाकडून दुसऱ्याकडे जाताना कर्मचारी हात स्वच्छ करतात का? लघवीची नळी गरज संपताच काढली जाते का? आणि प्रतिजैविक सुरू करताना त्याचे कारण व मुदत लिहून ठेवतात का? नव्या औषधाची वाट न पाहता आजच अमलात आणता येतील, अशाच या गोष्टी आहेत.