भूल किती खोल?

ऑपरेशन नवापुरात असो की मुंबईत, थिएटरच्या दाराशी आईचा प्रश्न एकच: पोर मध्येच जागं झालं तर?

भूलतज्ज्ञाची नजर नाडी, रक्तदाब आणि श्वासातल्या भुलीच्या वायूवर असते. कपाळावरच्या पट्टीतून मेंदूच्या विद्युतलहरी टिपून 0 ते 100 आकडा दाखवणारं 'बिस' यंत्रही असतं. 40 ते 60 म्हणजे भूल पुरेशी. पण हे गणित मोठ्यांच्या मेंदूवर बेतलेलं. तान्ह्या बाळाच्या लहरीच निराळ्या, तिथे नुसत्या आकड्यावर भिस्त ठेवता येत नाही. केटामाइन हे भुलीचं औषध दिलं तर चांगल्या भुलीतही आकडा चढतो! शिवाय सेव्होफ्लुरेन वायू तान्ह्यांना मोठ्यांपेक्षा जास्त प्रमाणात लागतो.

नवापूरच्या नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेल हा रक्ताचा आजार बराच. अशा मुलाला भुलीत थंडी सोसत नाही, तसंच अंगातल्या पाण्याची किंवा ऑक्सिजनची कमतरताही. सिकलसेल तपासणीचा कागद भूलतज्ज्ञाला आधीच दाखवावा.