तोरण्यापासून शिखरजीपर्यंत : उबेची निवड

दिवाळीची गर्दी ओसरली की भोरच्या बाजारपेठेत स्वेटर आणि जॅकेटे दुकानांच्या दर्शनी भागात येतात. याच सुमारास आपल्या घरांतील तरुण मंडळी तोरणा, राजगड, रायरेश्वर यांचे बेत आखू लागतात आणि वडीलधारी मंडळी शिखरजीच्या यात्रेची तिकिटे पाहतात. मग जॅकेटची खरेदी निघते. फुगीर, हलके, मुठीत मावणारे जॅकेट दाखवून विक्रेता कौतुकाने सांगतो, ‘‘पिसांचे आहे, बर्फातसुद्धा चालेल.’’ मुलाचे डोळे चमकतात आणि आईचा हात थबकतो. लेकरू थंडीत कुडकुडू नये ही एक काळजी. घरात पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला आचार ही दुसरी. या दोहोंत खरोखर विरोध आहे का, हे शांतपणे तपासण्याजोगे आहे.

बँकेत कर्जाचा अर्ज आला की आम्ही आधी गरज किती ते पाहत असू, रक्कम नंतर. येथेही तोच क्रम धरावा. तोरण्याची उंची १४०३ मीटर आहे. साधारणपणे हजार मीटर चढल्यावर तापमान साडेसहा अंशांनी उतरते. त्या हिशेबाने वेल्हे गाव आणि गडमाथा यांत दिवसा चार-पाच अंशांहून अधिक फरक पडू नये. रात्रीचा हिशेब मात्र पुष्कळदा उलटा असतो. निरभ्र, निवांत रात्री गार हवा जड होऊन उतारावरून खाली ओघळते आणि खोऱ्यात साचते. म्हणून पौषातल्या पहाटे कानंदीच्या काठचे गाव माथ्यापेक्षाही अधिक गारठलेले असू शकते. गडावर खरा शत्रू वारा. तापमान दहा अंश असताना ताशी तीस किलोमीटरचा वारा सुटला, तर उघड्या त्वचेला ते साडेसहा-सात अंशांसारखे भासते. झुंजार माचीवर किंवा राजगडच्या संजीवनी माचीवर पहाटे उभे राहिलेल्यास हे निराळे सांगावे लागत नाही.

आता शिखरजी पाहा. पारसनाथ पर्वताची उंची १३६५ मीटर, म्हणजे तोरण्याहून किंचित कमीच. मधुबनातून पहाटे तीन-चारच्या अंधारात निघायचे आणि चढ, टोंकांची वंदना व उतार मिळून सुमारे २७ किलोमीटर चालायचे. झारखंडची थंडी आपल्याकडील थंडीहून बोचरी, हे खरे. परंतु दोन्ही ठिकाणी रीत एकच. आधी चढण, त्यात घाम, आणि माथ्यावर पोहोचताच वारा. तोरण्यावर निभावलेले कपडे, आत एक थर वाढविला की, शिखरजीवरही निभावतात. या दोन्ही ठिकाणी बर्फातले जॅकेट लागत नाही.

पिसांना एवढी प्रतिष्ठा का मिळाली, हेही समजून घेतले पाहिजे. ऊब पिसांत नसते. पिसांनी अडवून ठेवलेल्या हवेत असते. १९२२ सालच्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच या गिर्यारोहकाने फुग्यांसाठी वापरायच्या कापडात पक्ष्यांची मऊ पिसे भरून कोट शिवून घेतला. सोबत्यांनी आधी त्याची थट्टा केली. पुढे वर थंडी वाढली तेव्हा त्या कोटाचे मोल कळले. बदकाच्या किंवा हंसाच्या छातीवरील त्या मऊ पिसांना बाजारात ‘डाऊन’ म्हणतात. वजनाच्या मानाने तितकी ऊब देणारे दुसरे भरण आजही सहज मिळत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

मात्र ही पिसे बहुतांशी मांसाच्या व्यापारातून येतात, आणि काही ठिकाणी जिवंत पक्ष्यांची पिसे उपटलीही जातात. २०१४ पासून ‘रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्ड’ नावाचे प्रमाणपत्र निघाले आहे. त्यात जिवंतपणी पिसे उपटण्यास आणि बळजबरीने खाऊ घालण्यास मनाई आहे, कत्तलीस नाही. तेव्हा त्या शिक्क्याने आपल्या घरातला प्रश्न सुटत नाही. पीस म्हटले की निषिद्ध, असेही आपल्या परंपरेत नाही. दिगंबर मुनींची पिंछी मोराने आपणहून गाळलेल्या पिसांची असते, आणि श्वेतांबर साधूंचा ओघा लोकरीचा. वस्तू कोणत्या वाटेने हाती आली, हे आपण पाहत आलो. लोकरीच्या बाबतीत त्यामुळेच घराघरांत मते निराळी आढळतात आणि त्यात वाद घालण्याचे कारण मला दिसत नाही. भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत धनगरांच्या खांद्यावरचे घोंगडे अजून दिसते. चिंचोक्याची खळ दिलेल्या सुताचे ते जाड वस्त्र वारा आणि पावसाची सरही अडवते.

पिसांना पर्याय आहे. १९८०च्या दशकात अमेरिकी लष्कराला भिजल्यावरही ऊब टिकविणारे भरण हवे होते. त्या गरजेतून अतिसूक्ष्म पॉलिएस्टर तंतूंचे ‘प्रायमालॉफ्ट’ तयार झाले आणि आता त्या जातीची अनेक भरणे मिळतात. पीस भिजले की त्याचा गोळा होतो. हे तंतू ओलसर असतानाही बरीच हवा धरून ठेवतात. दवाने भिजलेल्या आपल्या सह्याद्रीत हा गुण मोठा आहे. उणिवा अशा की, तेवढ्याच ऊबेसाठी वजन अधिक होते, पिशवीत जागा अधिक लागते, आणि काही वर्षांच्या वापराने फुगवटा बसतो. शिवाय फ्लीससारखे कापड धुताना प्लॅस्टिकचे बारीक तंतू पाण्यात जातात. म्हणून असे कपडे घेताना कमी घ्यावेत, फार वेळा धुऊ नयेत आणि पुष्कळ वर्षे वापरावेत.

एका जाड जॅकेटापेक्षा तीन पातळ थर बरे, हे माझे ठाम मत आहे. अंगालगत घाम चटकन सुकविणारी पॉलिएस्टरची बंडी. सुती नको, कारण सूत घाम शोषून ओलेच राहते आणि माथ्यावर तेच अंग गारठविते. त्यावर फ्लीस, त्याची जाडी चौरस मीटरला ग्रॅममध्ये सांगतात, आपल्याकडे दोनशेचे पुरे. सर्वांत बाहेर वारा अडविणारे टोपीचे पातळ जॅकेट. गुंजवण्याहून पद्मावती माची चढताना फ्लीस पिशवीतच असू द्यावे. वर पोहोचून थांबताच, अंग निवण्यापूर्वी, चढवावे. हिमालयात शून्याखालच्या रात्री तंबूत काढायच्या असतील तरच कृत्रिम भरणाचे जाड जॅकेट घ्यावे आणि पाठीवरचे जास्तीचे वजन मान्य करावे. वर्षातून चार दिवसांसाठी असेल, तर भाड्याने मिळते का तेही पाहावे.

दुकानात रंगाआधी आतली चिठ्ठी वाचावी. ‘डाऊन’, ‘फेदर’ म्हणजे पिसे. ‘शेल’ म्हणजे केवळ बाहेरचे कापड, ‘फिल’ म्हणजे भरण. बाहेर पॉलिएस्टर आणि आत पिसे असे पुष्कळदा असते. टोपीच्या कडेची फर आणि चेनच्या ओढणीचे चामडे हेही पाहावे. कापड तोंडाशी धरून फुंकर मारावी. पलीकडे हवा जाणवली तर ते वारा अडविणार नाही. हात वर केल्यावर बाही मनगटावरून सरकता कामा नये, आणि आत फ्लीस मावले पाहिजे.

आपल्यापैकी अनेकांची कापडाची दुकाने आहेत, म्हणून थोडे त्यांच्यासाठी. स्वस्त मालाला विक्रेते सर्रास ‘पिसांचा’ म्हणतात आणि आत निघते पॉलिएस्टर; उलटही घडते. धागा जाळून पाहण्याची जुनी परीक्षा येथे कामी येते. लोकर, पीस, रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. घाऊक माल घेताना भरण कशाचे ते बिलावर लिहून मागावे. गिऱ्हाइकाने विचारले की उत्तर तयार असते.

हंगाम संपल्यावर जॅकेट धुऊन, पूर्ण वाळवून, घडी न दाबता टांगून ठेवावे. दाबून ठेवल्यास भरण लवकर बसते. लोकरीला कसर लागते, म्हणून आपण कपाटात डांबरगोळ्या घालतो. स्वच्छ धुतलेल्या पॉलिएस्टरला कसर सहसा लागत नाही. त्या कप्प्यात गोळ्या घालण्याचे कारण नाही.