मालोया–सेंट मॉरिट्झ पदभ्रमण मार्ग

मालोया–सेंट मॉरिट्झ मार्ग हा स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडन कँटनमधील वरच्या एंगाडीन खोऱ्यातून जाणारा पायी भ्रमंतीचा मार्ग आहे. मालोया गावापासून सेंट मॉरिट्झपर्यंत त्याची लांबी सुमारे १५ किलोमीटर असून तो सरोवरांच्या दक्षिण काठाने जातो. समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंचीवर असूनही तो जवळजवळ सपाट आहे. त्यामुळे आल्प्समधील सोप्या, परंतु लांब पल्ल्याच्या मार्गांत त्याची गणना होते.

भूगोल

मालोया खिंडीची उंची १,८१५ मीटर आहे. खिंडीच्या पश्चिमेस ब्रेगाल्या खोरे एकदम खाली उतरते, तर पूर्वेस एंगाडीनचा तळ सपाट राहतो. लुंगिन सरोवरातून निघणारी इन नदी या सपाट खोऱ्यातून वाहत पुढे डॅन्यूबला मिळते व तिचे पाणी काळ्या समुद्रात जाते. ब्रेगाल्यातील पाणी मात्र पो नदीमार्गे एड्रियाटिक समुद्रास मिळते.

मार्गावर सिल्स, सिल्वाप्लाना, चामफेर व सेंट मॉरिट्झ ही सरोवरे ओळीने लागतात. बाजूच्या दऱ्यांतून येणाऱ्या ओढ्यांनी आणलेल्या गाळामुळे ती एकमेकांपासून वेगळी झाली आहेत. सिल्स गाव अशाच गाळाच्या मैदानावर वसले आहे.

मार्गाचे वर्णन

मालोयाहून निघालेली वाट सिल्स सरोवराच्या काठाने इझोला या छोट्या वस्तीत येते. ही वस्ती फेदोझ ओढ्याच्या त्रिभुज प्रदेशावर आहे. तेथून वाट जंगलातून थोडी चढउतार करत सिल्स-मारिया येथे पोहोचते. पुढे सिल्वाप्लाना सरोवराच्या काठाने सुरलेय गाव लागते आणि चामफेर सरोवराजवळून वाट सेंट मॉरिट्झला जाते. दिशादर्शक पिवळ्या पाट्या सर्वत्र आहेत. खोऱ्यातून नियमित बससेवा असल्याने दमलेल्या प्रवाशास मधल्या गावातून परतता येते. या मार्गावरील श्रम चढाचे नसून अंतराचे आहेत; उंचीवरील विरळ हवा व प्रखर ऊन यांमुळे ते अधिक जाणवतात.

मालोया वारा

डोंगराळ प्रदेशात दिवसा वारा सामान्यतः खोऱ्याच्या तळाकडून माथ्याकडे वाहतो. येथे उलट घडते. ब्रेगाल्यातून वर चढणारी हवा खिंड ओलांडून एंगाडीनमध्ये खालच्या दिशेने वाहते. उन्हाळ्यात स्वच्छ हवामान असल्यास दुपारी हा वारा जोर धरतो. मालोयाहून निघणाऱ्यांच्या तो पाठीशी असतो, तर उलट दिशेने येणाऱ्यांना त्यास तोंड द्यावे लागते.

सांस्कृतिक महत्त्व

जर्मन तत्त्वज्ञ फ्रीडरिश नीत्शे यांनी १८८१ ते १८८८ या काळातील बहुतेक उन्हाळे सिल्स-मारिया येथे घालवले. चिरंतन पुनरावर्तनाची कल्पना ऑगस्ट १८८१ मध्ये सुरलेयजवळील एका पिरॅमिडसारख्या खडकापाशी आपल्याला सुचली, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. हा खडक मार्गालगतच आहे. त्यांच्या वास्तव्याच्या घरात आता संग्रहालय आहे. चित्रकार जोव्हान्नी सेगांतिनी १८९४ पासून १८९९ मधील मृत्यूपर्यंत मालोयात राहत होते.

संवर्धन

खिंडीपासून ब्रेगाल्यातील कासाच्चा गावापर्यंत सुमारे ३५० मीटरचा उतार आहे. सिल्स सरोवराचे पाणी या उतारावरून सोडून वीज निर्माण करण्याच्या योजना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुढे आल्या. तसे झाले असते तर सरोवराची पातळी कृत्रिमरीत्या वरखाली होऊन काठाचे स्वरूप पालटले असते. काठावरील गावांना मात्र अशा प्रकल्पातून उत्पन्न मिळण्याची शक्यता होती. त्यामुळे केवळ विरोध पुरेसा नव्हता. १९४६ मध्ये स्वित्झर्लंडभर सोनेरी वेष्टनातील चॉकलेटची नाणी विकून निधी उभारण्यात आला व त्यातून गावांना भरपाई देण्यात आली. चॉकलेटच्या नाण्यांची ही विक्री पुढे निसर्ग व वारसा संवर्धनासाठी वार्षिक उपक्रम बनली. १९७२ मध्ये वरच्या एंगाडीनमधील सरोवरप्रदेशाच्या संरक्षणासाठी कँटनने विशेष नियम लागू केले. आज या मार्गावर दिसणारे मोकळे काठ व कुरणे ही केवळ निसर्गाची देणगी नसून या निर्णयांचेही फलित आहेत.

हिवाळा

हिवाळ्यात सरोवरे गोठतात. १९६९ पासून मार्च महिन्यात होणारी एंगाडीन स्की मॅरेथॉन मालोयाहून सुरू होते व तिचा मार्ग गोठलेल्या सरोवरांवरून जातो.